जुनी फियाट, जास्त फेरे आणि क्रँकशाफ्टची निवड

मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. अण्णासाहेब फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, तेव्हा इथे थोडं गणित मांडलं तर चालेल असं धरतो.

विषय आहे फियाट अकराशेचा. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली आणि पुढे पद्मिनी नावाने घरोघरी गेलेली ही गाडी. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या गाड्या शर्यतीत पळायच्या. आजही हौशी मंडळी विचारतात, इंजिन सात हजार फेऱ्यांपर्यंत न्यायचं आहे, क्रँकशाफ्ट कोणता घालू?

आधी क्रँकवर काय बेततं ते बघू. समजा पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो आहे. मिनिटाला पाच हजार फेरे असताना तो वरच्या टोकाला थांबवून खाली ओढायला ढोबळमानाने ६७० किलो वजनाइतका जोर लागतो. सात हजारांवर तोच जोर १३०० किलोच्या घरात जातो. फेरे वाढले दीडपटीहून कमी, जोर झाला जवळजवळ दुप्पट, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. आणि हे प्रत्येक पिस्टनचं, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा.

पोलाद एका दणक्यात तुटत नाही, थकून तुटतं. एक बारीक चीर पडते आणि प्रत्येक झटक्याला किंचित पुढे सरकते. तुटलेल्या क्रँकचं तोंड नीट पाहा. ओहोटीला आपल्या पुळणीवर लाटा जशा रेघा सोडून जातात, तशाच रेघा तिथे बऱ्याचदा दिसतात. अभियंतेही त्यांना 'बीच मार्क्स'च म्हणतात. रेघा उलट्या मोजत गेलात की चीर कुठून निघाली ते कळतं. बहुतेक वेळा जर्नलच्या कोपऱ्यातून, नाहीतर तेलाच्या भोकाच्या कडेवरून.

म्हणून निवड याच क्रमाने करावी, असं आम्ही सांगतो.

पहिलं, हातातला जुना क्रँक तपासा. हातोडीने वाजवून आवाज ऐकणं पुरेसं नाही. चुंबकीय भुकटीची तपासणी करून घ्या, चिरेवर भुकटी गोळा होते. कोकणातल्या खाऱ्या हवेत पडवीत पडून राहिलेल्या क्रँकवर गंजाचे खड्डे असतात. असा एकेक खड्डा म्हणजे चिरेला आयती सुरुवात.

दुसरं, ग्राइंडिंग. जर्नल पाव किंवा अर्धा मिलिमीटर उतरवताना कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे फिलेट, राहिली का ते पाहा. चाकाने कोपरा काटकोनात कापला, तर उत्तम पोलादही तिथेच जाईल.

तिसरं, घडण. ओतीव क्रँक रोजच्या वापराला चालतो. जास्त फेऱ्यांसाठी फोर्ज केलेला बरा. सुतार नांगरासाठी मुळातच वाकडं लाकूड शोधतो, कारण त्यात तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. फोर्जिंगमध्ये धातूच्या कणांचंही तसंच होतं. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. बंद पडलेल्या इंजिनाच्या एका नगासाठी मात्र फोर्जिंगचा साचा परवडत नाही. मग सळईतून कोरलेला क्रँक घ्यावा लागतो. तिथे तंतू कापले जातात, म्हणून पोलाद ईएन २४ सारखं मिश्र आणि नीट उष्णतोपचार केलेलं हवं.

चौथं, नायट्रायडिंग. सुमारे पाचशे अंशांवर अमोनियात ठेवलं की पोलादावर पातळ, कडक साल तयार होते. ती दाबाखाली असते, त्यामुळे चीर उघडायला कचरते. पण पुढे पुन्हा ग्राइंड केलंत तर ही साल निघून जाते. तेव्हा नायट्रायडिंग नव्याने करायचं, हे विसरू नका.

पाचवं, बॅलन्सिंग. या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच. दोन बेअरिंगांच्या मध्ये क्रँक लवतो. फ्लायव्हील आणि क्लचसकट बॅलन्स करा, आणि पिस्टन हलके घ्या. वजन कमी झालं की जोरही त्याच प्रमाणात कमी होतो.

आता खर्चाचं. मुंबईहून कशेडी घाट चढून गावी यायचं, एवढाच बेत असेल तर सात हजार फेरे कशाला? पाच हजारांच्या आत राहिलात तर तपासलेला मूळ क्रँक पुरतो. पैसे ग्राइंडिंगवर आणि तेलाच्या पंपावर घाला. पण शर्यतीचाच हट्ट असेल तर क्रँकवर काटकसर करू नका. तो तुटला की बहुधा ब्लॉकही घेऊन जातो, आणि मूळ ब्लॉक आता नवे बनत नाहीत.

टेबलावर एक तुटका क्रँक ठेवला आहे. जाण्याआधी हातात घेऊन त्याच्या रेघा पाहा. प्रश्न त्यानंतर घेऊ.