दुसरा बाण

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो. या तीन महिन्यांत पेण आणि रोहा तालुक्यांतील बौद्ध वस्त्यांमध्ये संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बाहेर पाऊस कोसळत असतो. दिवसभर लावणीच्या चिखलात राबलेल्या बाया पाय धुऊन विहारात येतात आणि मन लावून ऐकतात. अशाच एका वाचनानंतर एका वयस्क उपासिकेने आम्हाला गाठले आणि एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने आम्हाला अनेक दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, तृष्णा हे दुःखाचं मूळ, असं आज वाचनात आलं. माझा भाचाही तेच बोलतो. ‘आत्ये, बुद्धाची म्हणवतेस आणि जमिनीची तृष्णा सुटत नाही तुझी? हक्कसोडीवर अंगठा दे आणि मोकळी हो.’ मग मी आता कोर्टात जाऊ की नको?”

प्रकरण नेहमीचेच होते. वडील वारले तेव्हा वारस नोंदीत फक्त भावांची नावे लागली. बहीण सासरी गेलेली, तिला कोण विचारतो? तेव्हा त्या जमिनीला भाव नव्हता. पुढे मुंबई जवळ आली, दलाल फिरू लागले आणि बहिणीच्या सहीची आठवण झाली. अशी किती प्रकरणे आम्ही पेण-रोह्याच्या कोर्टांत पाहिली! पण इथे सही मागायला धम्माचा आधार घेतलेला होता. तोही त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असलेल्या तरुणाने.

आम्ही स्पष्ट सांगतो, हा धम्माचा गैरवापर आहे. आपल्या हक्काचे मागणे ही तृष्णा नव्हे. दुसऱ्याचे आपल्याकडे ओढणे ही तृष्णा. पंचशीलातले दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही ते घेऊ नये. बहिणीने जो हिस्सा दिलेलाच नाही, तो गिळून तिलाच त्यागाचा उपदेश करणाऱ्याने आधी आपले शील तपासावे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. फेरफारात नाव लागले नाही म्हणून वारसाहक्क बुडत नाही. स्त्रियांना हा अधिकार मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बाबासाहेबांची लेकरे बहिणीचा हिस्सा नाकारणार असतील, तर १४ एप्रिलच्या मिरवणुकीला काय अर्थ उरतो?

मग दुःखाविषयी तथागतांनी काय सांगितले? संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बाणाचा दृष्टांत आहे. एखाद्याला बाण लागतो, वेदना होते. पण अजाण माणूस त्या वेदनेवर शोक करतो, ऊर बडवतो, चरफडतो. म्हणजे पहिल्या बाणापाठोपाठ त्याला दुसरा बाण लागतो. जाणत्या माणसालाही पहिला बाण दुखतोच, पण दुसरा बाण त्याला लागत नाही. रोजच्या जगण्यातली मनाची मुक्ती ती हीच. त्यासाठी अरण्यात जावे लागत नाही.

आपल्यातले काही धम्मबांधव मात्र इथेच थांबतात. ‘मन शांत करा, सगळे आपोआप ठीक होईल’ असे म्हणतात. आम्हाला विचारावेसे वाटते, पहिला बाण मारणाऱ्याचे काय? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर बोट ठेवले आहे. जन्म दुःख, जीवन दुःख, मरण दुःख, एवढेच धम्म सांगत असेल तर तो माणसाला आशा कुठून देणार, असा त्यांचा सवाल आहे. माणूस माणसाशी अन्यायाने वागतो त्यातून दुःख जन्मते आणि ते दूर करणे हे धम्माचे काम, ही त्यांची शिकवण. त्यांनी दारिद्र्याचे गोडवे गायिले नाहीत. आणि दारिद्र्य हटले की सुख आपोआप येते, असेही मानले नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. उलट मार द्यायला तयार असलेल्या कार्यकर्त्यांना बाबासाहेबांनी आवरले. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर प्रतिपक्षाने दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. जमलेल्या हजारोंचा संताप समजून घेऊन बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, पण दावा सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे! मन द्वेषाने पेटलेले असते तर एवढी वर्षे इतक्या शांतपणे तो दावा लढवता आला असता काय? आणि मन शांत झाले म्हणून दावा सोडून दिला असता तर तळे खुले झाले असते काय?

रोह्याच्या दक्षिणेला मांदाडजवळ, राजपुरी खाडीच्या बाजूला कुडा लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लेखक आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. आणि स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या स्त्रियाही आहेत. हे संसारातले, कामधंद्याचे लोक होते. दान द्यायला आधी हातात काही आपले असावे लागते, हे त्या बायांच्या नावांवरून आमच्या पुरुषांनी शिकावे.

पण वकील म्हणून आम्ही दुसरी बाजूही रोज पाहतो. वीस वर्षे भांडून दावा जिंकलेली माणसे हुकूमनाम्याची नक्कल हातात घेऊन त्याच कडवटपणाने घरी जातात. भावकीचे नाव निघाले की त्यांचे हात थरथरतात. जमीन मिळाली, झोप मिळाली नाही. आमचे काम पहिल्या बाणाशी. दुसरा बाण कोणत्याही कोर्टाच्या हुकूमनाम्याने निघत नाही. तो ज्याचा त्यालाच उपसावा लागतो. शब्द तोंडातून जाण्याआधी एक श्वास पाहणे, रागाला राग म्हणून ओळखणे, दारूच्या बाटलीत उत्तर न शोधणे, ही रोजची साधना आहे. तिला पैसा लागत नाही.

त्या उपासिकेला आम्ही म्हणालो, “मावशी, अंगठा देऊ नका. दावा लावू. हिस्सा तुमचा आहे, तो मागा. फक्त भाच्याला शिव्या घालत रात्र काढू नका. त्याने जमीन घेतली, झोपही त्यालाच कशाला देता?” त्या हसल्या. म्हणाल्या, “झोपेचं बघते मी. तुम्ही कागदाचं बघा.”

दावा दाखल झाला आहे. त्या अजूनही वाचनाला येतात. भाचाही येतो, पुरुषांच्या बाजूला बसतो. एकाच बुद्धरूपापुढे दोघेही हात जोडतात. त्याने वाचनातून काय घेतले, हे पुढच्या तारखेला कळेल. आपण काय घेतले, हे मात्र प्रत्येकाने आजच आपापल्या घरचा सातबारा काढून पाहावे. त्यावर बहिणीचे नाव आहे काय?