फरशीवरचे आरमार

बुद्धिबळात उंट तिरपा चालतो आणि हत्ती सरळ चालतो. असे का, या प्रश्नाला उत्तर एकच: नियम तसा आहे. आता अशा एका खेळाची कल्पना करा, की ज्यात सोंगट्यांऐवजी बोटभर लांबीची जहाजे आहेत आणि पटाऐवजी टेबल किंवा घराची फरशी आहे. कोणत्या जहाजाने किती पुढे जावे, किती वळावे, त्याचा तोफगोळा कोठवर पोहोचावा, हे खऱ्या जहाजाचा वेग, वजन आणि तोफांचा पल्ला पाहून ठरवायचे. येथे मनाला येईल तो नियम करता येत नाही. या खेळाला आपण आरमारी युद्धखेळ म्हणू.

हा खेळ जुना आहे. स्कॉटलंडमधील जॉन क्लर्क यांनी कधी नौदलात नोकरी केली नव्हती. पण लाकडाची लहान लहान जहाजे टेबलावर मांडून त्यांनी सागरी लढायांचा अभ्यास केला आणि १७८२ मध्ये त्यावर एक निबंध छापला. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी १८९८ मध्ये अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी जगातील युद्धनौकांची जी सचित्र सूची काढली, ती पुढे नौदलांचा आधारग्रंथ बनली. अमेरिकेत लेखक फ्लेचर प्रॅट यांच्या खेळात लोक फरशीवर पालथे पडून, नुसत्या नजरेने अंतराचा अंदाज बांधून 'तोफा डागत'.

खेळणाऱ्यांमध्ये एक वाद मात्र नेहमीचा आहे. कोणत्या काळातील जहाजे खेळाला सर्वांत चांगली? प्रत्येक जण आपल्या आवडीचे नाव घेतो. आपण हा प्रश्न भौतिकशास्त्राला विचारून पाहू.

प्रथम मोजपट्टी

समजा, आपण १:१२०० हे प्रमाण घेतले. म्हणजे टेबलावरील १ सेंटिमीटर बरोबर समुद्रावरील १२ मीटर. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे शिडाचे जहाज सुमारे ५७ मीटर लांबीचे. ते टेबलावर पावणेपाच सेंटिमीटर होईल. त्या काळी तोफांची लढाई तीनशे मीटरांच्या आतच रंगे. हे अंतर झाले २५ सेंटिमीटर. दोन्ही आरमारे जेवणाच्या टेबलावर मावली!

आता १९०६ ची 'ड्रेडनॉट' घ्या. लांबी १६० मीटर, म्हणजे टेबलावर १३ सेंटिमीटर. पण १९१६ च्या जटलंडच्या लढाईत सुमारे १५ किलोमीटर अंतरावरून तोफा सुरू झाल्या. त्याच प्रमाणात हे अंतर साडेबारा मीटर होते. एवढ्याला शाळेचा वर्गही अपुरा पडेल. म्हणून पोलादी जहाजे घेणारे खेळाडू १:३००० सारखे लहान प्रमाण निवडतात, किंवा जहाजांना एक आणि अंतरांना दुसरे अशी दोन प्रमाणे वापरतात. जहाजांचा काळ निवडणे म्हणजे खोलीची लांबी निवडणेही आहे, हे यावरून ध्यानात येईल.

वल्ह्यांचा काळ

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये ग्रीक आणि इराणी आरमारांत सॅलॅमिसची लढाई झाली. त्या काळच्या 'ट्रायरीम' जहाजावर १७० वल्हेकरी असत आणि नाळेवर काशाची धडक-चोच असे. जहाज हेच शस्त्र. समजा, ४५ टनांचे जहाज सेकंदाला ४ मीटर वेगाने आदळले. ½mv² या सूत्राने ऊर्जा ३,६०,००० ज्यूल येते. १ टन वजनाची मोटार ताशी ९६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली तर एवढीच ऊर्जा लागते. परंतु हा वेग माणसांच्या दंडांतून यायचा. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये 'ऑलिंपियास' नावाची अशी एक प्रतिकृती पाण्यात उतरवण्यात आली. तिने थोड्या वेळापुरता ९ नॉटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेचार मीटर, वेग गाठला. तेव्हा या काळाचा मुख्य नियम म्हणजे थकवा. प्रत्येक जहाजाला मोजक्याच खेळ्या जोरात वल्हवू द्यायचे.

शिडांचा काळ

येथे वारा राजा. मोठ्या चौकोनी शिडांचे जहाज वारा जिकडून येतो त्या दिशेशी ६५ ते ७० अंशांहून कमी कोन करून जाऊच शकत नाही. म्हणून टेबलावर आधी वाऱ्याचा बाण काढावा लागतो. तोफा जहाजाच्या दोन्ही बाजूंना असत. त्यामुळे जहाजे एकामागे एक रांग धरून लढत. रांग तोडून शत्रूच्या पिछाडीसमोरून गेले, तर आपले गोळे त्याच्या जहाजाच्या संपूर्ण लांबीतून आरपार जातात आणि त्याच्या फारच थोड्या तोफा आपल्याकडे वळतात.

कोकण किनाऱ्यावरील कान्होजी आंग्र्यांची गुराबे मात्र वेगळी होती. त्यांच्या नाळेतून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीकडे नेत, म्हणजे त्याच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत. वाऱ्याचा बाण आणि वल्हेकऱ्यांचा थकवा हे दोन्ही नियम या खेळात एकत्र येतात.

आता थोडे गणित. तीन जहाजे एकावर तुटून पडली, तर त्या एकट्यावर तिघांचा मारा होतो आणि त्याचा स्वतःचा मारा मात्र तिघांत वाटला जातो. फायदा तिप्पट नव्हे, ३ × ३ म्हणजे नऊपट होतो. बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात मांडला आणि नेल्सनच्या योजनेला लावून दाखवला. लढाईपूर्वीच्या टिपणात नेल्सनने आपली ४० आणि शत्रूची ४६ जहाजे धरली होती. समोरासमोर लढल्यास १६०० विरुद्ध २११६, म्हणजे हार. पण शत्रूची रांग मधोमध तोडून मागच्या २३ जहाजांवर ३२ जहाजे घातली आणि पुढच्या २३ ना अडवण्यास ८ ठेवली, तर ३२² + ८² = १०८८ आणि २३² + २३² = १०५८. पारडे फिरले! २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारला प्रत्यक्षात २७ विरुद्ध ३३ जहाजे लढली. शत्रूची १८ जहाजे पकडली वा नष्ट झाली. इंग्रजांचे एकही गेले नाही. अर्थात त्यात तोफांचा सराव आणि खलाशांचे कसब यांचाही वाटा मोठा होता.

पोलाद आणि पाणबुडी

पोलादी जहाजांच्या काळात मुख्य राशी म्हणजे वेळ. पंधरा किलोमीटरवर पोहोचायला गोळ्याला समजा ३० सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात २० नॉट वेगाचे जहाज ३०० मीटर पुढे सरकते. म्हणजे जहाज आज आहे तेथे नव्हे, अर्ध्या मिनिटाने असेल तेथे नेम धरायचा. तो चुकतोच, म्हणून येथे फासा घेऊन संभाव्यतेची मदत घ्यावी लागते.

या खेळावर माणसांचे प्राण अवलंबून होते, असाही एक काळ आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्नधान्य अटलांटिक महासागरातून जहाजांच्या काफिल्यांनी येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत. १९४२ च्या आरंभी लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एका खोलीत फरशीवर चौकटी आखून खेळ मांडला. त्यांच्या मदतीला महिला नौदलातील जीन लेडलॉ, जॅनेट ओकेल अशा तरुणी होत्या. खेळणारे अधिकारी पडद्यामागे बसत आणि फटीतून, रात्री समुद्रावर दिसेल तेवढेच पाहत.

प्रश्न वेगाचा होता. काफिला ८ नॉटने चाले. पाण्याखाली पाणबुडीचा वेग कसाबसा साडेसात नॉट. म्हणजे ती मागेच पडणार. पण पृष्ठभागावर तिचा वेग १७ नॉट! 'कॉर्व्हेट' या लहान रक्षक नौका १६ नॉटच्याच. शिवाय ध्वनिलहरींनी पाण्याखाली शोध घेणारे यंत्र पृष्ठभागावरील पाणबुडीपुढे जवळजवळ निरुपयोगी. खडूच्या रेषा ओढून पाहता उलगडा झाला. पाणबुड्या रात्री पाण्यावर येऊन, मागच्या बाजूने थेट काफिल्याच्या रांगांत शिरत होत्या आणि रक्षक नौका त्यांना बाहेर शोधत होत्या. मग इशारा होताच सर्व रक्षक नौकांनी काफिल्याजवळच, ठरलेल्या रेषांवरून एकदम शोध घ्यावा, अशी हालचाल बसवण्यात आली. तिचे नाव 'रास्पबेरी'. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५००० अधिकारी या फरशीवर शिकून गेले.

फासा बदलू नये

त्याच वर्षी मे महिन्यात जपानी नौदलानेही मिडवे बेटाच्या मोहिमेआधी असाच खेळ मांडला. एका जपानी अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिले आहे, की फाशाने जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बाँब लागल्याचे दाखवले, तेव्हा प्रमुख पंचांनी नवाचे तीन केले. बुडालेली 'कागा' पुढच्या खेळात पुन्हा तरंगू लागली. जूनमधील खऱ्या लढाईत 'कागा'सह चार विमानवाहू नौका गेल्या. फाशाला भविष्य कळते असा याचा अर्थ नव्हे. पण नावडते उत्तर खोडले की प्रयोगाचा उपयोगच उरत नाही.

तुम्ही करून पाहा

माझे मत विचाराल, तर शाळेसाठी शिडांचा काळ उत्तम: टेबल पुरते, वारा आणि कोन शिकता येतात. सुरुवातीला काड्यापेटीतील काड्याही चालतील. सहा काड्यांचे एक आरमार आणि तीन-तीनच्या दोन तुकड्यांत विभागलेले दुसरे आरमार घ्या. प्रत्येक काडीसाठी फासा टाका. सहा पडले की शत्रूची एक काडी बुडाली. दोन्ही पक्षांनी फासे टाकल्यावरच बुडालेल्या काड्या उचला. सहाच्या आरमाराने आधी एका तुकडीशी, मग उरलेल्या काड्यांनिशी दुसरीशी लढावे. वर्गाच्या नियमाप्रमाणे शेवटी √(३६ − ९ − ९), म्हणजे चारच्या थोड्या वर काड्या उरायला हव्यात. वीस वेळा खेळून सरासरी काढा आणि ती या उत्तराच्या किती जवळ येते ते पाहा. एखाद्या वेळी सहाचे आरमार हरेलही. तो आकडाही वहीत लिहा.