गप्प बसणे आणि शांत होणे

मूल गप्प बसले म्हणजे ते शांत झाले, असे आपण सारेच धरून चालतो. मीही तसेच समजत होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई माहेरी आली आणि तिच्या चार वर्षांच्या मुलाने माझा हा समज पार मोडून टाकला.

आंब्याची फोड आधी दुसऱ्याला दिली, एवढ्याच कारणावरून त्याने अंगणात लोळण घेतली. मी आधी बागुलबुवाची भीती घातली, मग हातात मोबाइल दिला. शेवटी माझाच तोल गेला आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो तत्क्षणी गप्प झाला. पण रात्री तो झोपेत हुंदके देत होता. मानसशास्त्र विषय घेऊन पदवीला बसलेल्या त्याच्या मामाला त्या रात्री झोप लागली नाही.

राग आवरणे कोणी जन्मतः शिकून येत नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही वाढतच असतो. मग चार वर्षांच्या मुलाने एकट्याने स्वतःला कसे आवरावे? रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी याचा एक मार्ग दाखवला आहे. मूल आधी मोठ्यांच्या शब्दांनी वागते, पुढे तेच शब्द स्वतःशी मोठ्याने बोलते आणि अखेर ते मनातल्या मनात म्हणू लागते. म्हणजे आपण त्याला कोणते शब्द देतो, यावर सारे अवलंबून आहे. ‘गप्प बस’ या शब्दांत भीतीखेरीज काय आहे?

गोष्टीत मात्र पुष्कळ काही असते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक आरंभी वर्गात शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि पुरता फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो, आणि तीच दंगेखोर मुले कान देऊन ऐकू लागतात. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बालशिक्षणाचे हे काम महाराष्ट्रात रुजवले.

आपल्या घरोघरी चिऊ-काऊची गोष्ट आहेच. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिऊचे दार ठोठावतो आणि चिऊ त्याला पुनःपुन्हा थांबायला लावते. ही सारी गोष्ट थांबण्याचीच नव्हे काय? मी तीत थोडी भर घातली. दार उघडत नाही म्हणून काऊ संतापतो, चोच आपटतो. मग पंख मिटून, लांब फुंकर घालून एकेक ओले पीस वाळवतो. भाचाही माझ्याबरोबर ‘हूऽऽ’ करू लागला. यात जादू काही नाही. श्वास सावकाश बाहेर सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. श्वसनाचा धडा मुलाला कळत नाही, पण काऊचे पंख वाळवणे कळते.

अनुभवाने तीन गोष्टी ध्यानात आल्या. ऐन रागात गोष्ट सांगू नये. तेव्हा फक्त जवळ बसावे. गोष्ट सांगावी ती निवांत वेळी, निजताना, आणि रोज त्याच शब्दांत. म्हणजे ते शब्द मुलाचे होतात. आणि शेवटी तात्पर्य सांगू नये. ‘पाहा, काऊ कसा शहाणा, नाहीतर तू!’ असे म्हटले, की गोष्टीचाही धपाटा होतो.

भाच्याचे हट्ट संपले असे मी म्हणणार नाही. परत जायच्या दिवशी एस.टी.त खिडकी मिळाली नाही म्हणून तो रडलाच; पण मध्येच त्याने दोनदा ‘हूऽऽ’ केले. त्याच गर्दीत सामानावरून मी एकावर खेकसलो, तेव्हा माझी बाही ओढून तो म्हणाला, “मामा, तूपण पंख वाळव ना!”

मी वाळवले. धपाटा घालणाऱ्या हातालाही ते शिकायचे राहिलेच होते.