चिंचपोकळीहून गोल्फला

लष्करी गोल्फ मैदान आपल्यापासून फार लांब नाही. कुलाब्याला अफगाण चर्चच्या पुढे, नेव्हीनगरच्या बाजूला समुद्राला लागून युनायटेड सर्व्हिसेस क्लब आहे. चिंचपोकळीहून धीमी लोकल सीएसएमटी, पुढे कुलाब्याची बस. पण हा क्लब मुळात सेनादलांच्या अधिकाऱ्यांचा. फाटकावर पैसे भरले की आत, असं तिथे होत नाही. ओळखीतला सभासद हवा, खिशात ओळखपत्रही हवं.

तशी ओळख नसेल तर सरळ खारघर गाठावं. सिडकोने डोंगराच्या कुशीत उभारलेल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येतं. कुर्ल्याला उतरून हार्बरची पनवेल गाडी धरायची, खारघर स्टेशनवरून रिक्षा. काठ्यांची पिशवी सोबत असेल तर पहाटेच निघा. गर्दीच्या वेळी ती घेऊन कुर्ल्याचा पूल चढणं हा वेगळाच खेळ आहे.

कॉलरचा टी-शर्ट घालावा. जीन्स बहुतेक मैदानांवर चालत नाही. नियमाने काठ्या जास्तीत जास्त १४, नवख्याला पाच-सहा पुरतात. चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड नसतो आणि तो ज्यात पडायचा तो खळगा जेमतेम १०८ मिमी रुंद.

मुंबईला हा खेळ नवा नाही. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला १८४२ साली, बोरीबंदर-ठाणे आगगाडीच्या ११ वर्षं आधी!

काठ्यांची पिशवी उचलणाऱ्या कॅडीचे पैसे बहुधा वेगळे पडतात. फोन करून आधीच विचारून घ्या.