ताटाची डावी बाजू

पंगतीत पान मांडलं की आधी मीठ वाढतात. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ही डावी बाजू. उजवीकडे भाजी आणि उसळ, मध्ये भात-वरण. वाढपाचा हा क्रम कुणी मेंदूचा विचार करून लावलेला नाही. तरी आहार आणि मेंदू यांच्याविषयी आजवर जे कळलं, त्याचा आढावा घ्यायला हीच वाट सोयीची आहे. पान मांडून बसू आणि वाढपी येईल तसं एकेक पाहू.

त्याआधी खाणाऱ्याची ओळख. मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण स्वस्थ पडून असलो तरी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली जवळपास २० टक्के एकटा मेंदू संपवतो. साठवण त्याच्याकडे नसल्यासारखीच. त्याला रक्तातून अखंड रतीब लागतो, आणि म्हणून रक्तवाहिन्यांना जे बाधतं ते आज ना उद्या मेंदूला बाधतंच.

वाढपी मीठ घेऊन आला. चिमूटभर मिठाने माणसांच्या बुद्धीवर जेवढा परिणाम केला, तेवढा बदामाने कधीच केला नसेल. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉइड ग्रंथीवर अवलंबून असते आणि त्या ग्रंथीला आयोडीन लागतं. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत ते कमी, त्यामुळे तिथे गळ्याला गलगंड आणि घरात मतिमंद, मूकबधिर मूल हे दुर्दैव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवलं आणि काहींना साधं. काही वर्षांतच आयोडीनवाल्या भागांत गलगंड ठळकपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याच पायावर. आज शहरांत सैंधव आणि गुलाबी मिठाची टूम निघाली आहे. चवीला ते हवं तर ठेवावं, पण त्यात पुरेसं आयोडीन नसतं. दिवस गेलेल्या बाईच्या घरात तरी आयोडीनयुक्त मिठाचा डबा हलवू नये.

हेच मीठ जास्त झालं की उलटतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची, म्हणजे एक सपाट चमचा. भारतीय माणूस साधारण दुप्पट खातो. पापड, लोणचं, फरसाण आणि वरून शिंपडलेलं मीठ यांनी रक्तदाब चढतो. मेंदूतल्या केसाएवढ्या वाहिन्या त्या दाबाखाली वर्षानुवर्षं झिजतात. एक दिवस पक्षाघात होतो, किंवा काहीच न होता विसरभोळेपणा वाढत जातो.

आता कोशिंबीर. कोबी-फ्लॉवरमधली अळी मेंदूत जाते, म्हणून या भाज्या घरात न आणणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. भीती खरी आहे, फक्त आरोपी चुकला आहे. पानावर दिसणारी हिरवी अळी निरुपद्रवी. मेंदूत गाठी करतो तो डुकरांत वाढणारा पट्टकृमी, आणि त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीवरून किंवा न धुतलेल्या हातांवरून पोटात जातात. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही म्हणूनच हा आजार होतो. भारतात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. औषधांनी तो आटोक्यात येतो. पण त्याआधीचा उपाय नळाखालीच आहे: कोथिंबीर, गाजर, मुळा, कोबी वाहत्या पाण्यात नीट धुवावं, खात्री नसेल तर शिजवूनच खावं.

भाकरी आली, तिच्याबरोबर एक जुनी गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राची मोठी साथ होती. आधी कातडी काळवंडून सोलायची, मग पोट बिघडायचं आणि शेवटी डोकं. वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण भरलेले असत. लोकांना वाटे, हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या कैद्यांना, त्यांच्या संमतीने, गरिबांचं मक्याचं जेवण देऊन दाखवून दिलं की रोग ताटातला आहे. १९३७ मध्ये उणीव सापडली: नायसिन नावाचं जीवनसत्त्व.

हाच रोग दख्खनमध्ये मका न खाणाऱ्या गरिबांत दिसत होता. ते ज्वारी खात. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवलं. त्यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण रुग्ण कोण होते, याबद्दल वाद नव्हता. ज्यांच्या पानात भाकरीशिवाय फारसं काहीच पडत नव्हतं, ते. सोलापूरकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण १४ ते १६ मिलिग्रॅमची. दोष ज्वारीच्या माथी मारायचं कारण नाही. डावी बाजू रिकामी होती.

वरणातही असाच धडा आहे. विदर्भाच्या भातपट्ट्यात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाख पेरतात. दुष्काळातही तगणारं हे कडधान्य. पण त्यात मज्जातंतूंना मारक असा एक विषारी घटक असतो. महिनोन्‌महिने मुख्यतः लाखच खाल्ली तर पाय कायमचे ताठतात. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपल्याला माहीत असलेल्या विल्यम स्लीमन यांनी सागर भागात गहू बुडाल्यावर लाखेवर जगलेल्या गावांत तरणीताठी माणसं अशी लुळी झालेली पाहिली आणि १८४४ च्या पुस्तकात लिहून ठेवली. पुढे विक्रीवर बंदी आली, तिच्यावरून वाद झाले, कमी विषाचे वाणही निघाले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर विष बरंच उतरतं. अधूनमधून खाणाऱ्याला धोका नसतो. ज्याच्यापुढे दुसरं काही नसतं, त्याला तो असतो.

भाजीतल्या हळदीबद्दल दोन वाक्यं. हळदीतलं कर्क्युमिन मेंदूला तारतं असा गाजावाजा फार आहे, पण पोटातून रक्तात ते फारच थोडं उतरतं. बांगलादेशात मात्र २०१९ मध्ये असं उघड झालं की हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून व्यापारी त्याला शिशाचा रंग लावतात, आणि शिसं मुलांची बुद्धी कायमची खुंटवतं. सरकारने छापे घातले आणि दोन वर्षांत भेसळ जवळपास संपली. हळकुंडं विकत आणून घरी किंवा गिरणीत दळून घ्यायची आपली रीत त्या दृष्टीने शहाणपणाची.

दही-ताक शाकाहारी माणसाने सर्वांत जपून पाहावं, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करत आले आहेत. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं ९ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. म्हातारपणी हीच उणीव हातापायांना मुंग्या आणि विस्मरण घेऊन येते. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती अधिक. वेळीच कळली तर साध्या गोळ्या-इंजेक्शनांनी भरून येते.

कोकण-गोव्याच्या पानात बांगडा किंवा तारली असते. मेंदूच्या पेशींच्या आवरणाला लागणारं डीएचए हे स्निग्ध द्रव्य या स्वस्त, तेलकट माशांत भरपूर. जवसाच्या चटणीत आणि अक्रोडात त्याचा कच्चा माल असतो, शरीर त्याचं थोडंसंच रूपांतर करू शकतं. अक्रोड मेंदूसारखा दिसतो हे खरं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. परीक्षेच्या सकाळचे भिजवलेले बदाम पौष्टिक जरूर आहेत. मार्क वाढवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.

हात धुतल्यावर चहा. दिवसभराच्या कामात मेंदूत ॲडेनोसीन साचतं आणि झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवतं म्हणून तरतरी वाटते. पण रात्रीच्या चहाचं निम्मं कॅफीन पाच तासांनीही रक्तात असतं, आणि झोपेची उधारी मेंदू सोडत नाही. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पंडुरोगी बायका-मुलांनी तासभर थांबावं. कपाला दोन चमचे साखरेने चार कप म्हणजे ३० ग्रॅमच्या वर साखर. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत १० कोटींवर मधुमेही निघाले. मधुमेह ही म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाची एक ठळक वाट आहे.

दारूबद्दल घोळ घालण्यात अर्थ नाही. रोजची दारू बी-१ जीवनसत्त्व हिरावते. त्यातून तोल आणि नजर बिघडते, आणि पुढे स्मरणशक्तीला अशी भोकं पडतात की माणूस त्यांत मनची गोष्ट भरून सांगतो. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. त्याने डोळ्यांची नस आणि मेंदू दोन्ही जळतात.

मग मेंदूसाठी खास आहार आहे का? शिकागोच्या रश विद्यापीठात मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये पालेभाज्या, कडधान्यं, बेरी, मासे यांचा ‘माइंड’ आहार मांडला. तो काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण निम्म्याने कमी दिसलं. पण २०२३ मध्ये ६०४ जणांवरच्या ३ वर्षांच्या चाचणीत या आहाराचा गट आणि नुसता थोडं कमी खाणारा गट यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ३ वर्षं फार थोडी असतील. पण जादूचा पदार्थ शोधणाऱ्यांना उत्तर मिळालं. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, दारू हे त्यांतले निदान ५ पानातून किंवा पेल्यातून येतात. आज भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे.

पेलाग्रा असो, लाखेचं पांगळेपण असो की बी-१२ ची उणीव, प्रत्येक गोष्टीत पान एका बाजूनेच भरलेलं होतं. तेव्हा एवढं करा: मिठाचा पुडा आयोडीनयुक्त आहे का पाहा, कोथिंबीर पुन्हा एकदा धुवा, ताटाची डावी बाजू भरा. आणि घरातले आजी-आजोबा अलीकडे नावं विसरत असतील, तर त्यांच्यासाठी महागड्या टॉनिकची बाटली आणण्याआधी बी-१२ ची तपासणी करून घ्या.