पन्नास हजारांत ‘शोले’ : मालेगावचं गणित काय होतं?

नांदेड-लातूरचा तरुण आज खिशातल्या मोबाइलवर सिनेमा काढू शकतो. घोडं अडतं ते पुढे : दाखवायचा कुठे आणि पैसे कसे वसूल करायचे? याचं एक उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात सापडतं.

काय केलं? : व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास साधारण ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. कलाकार गावातलेच, डाकूंना घोड्यांऐवजी सायकली.

चाललं कसं? : अमेरिकेत रॉबर्ट रॉड्रिग्ज यांचा सुमारे ७ हजार डॉलरचा ‘एल मारियाची’ (१९९२) कोलंबिया स्टुडिओने उचलला. नासिर यांच्यामागे स्टुडिओ नव्हता. यंत्रमागावर राबणारं गाव होतं. गावच्याच व्हिडिओ थिएटरात सिनेमाने गर्दी खेचली.

पुढे काय? : ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये यंत्रमाग कामगार शफीक शेख नायक झाले. २०११मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर झळकला.

थोडक्यात : आधी आपला प्रेक्षक ओळखा, मग खर्च ठरवा. नासिर यांचा प्रेक्षक हाकेच्या अंतरावर होता, म्हणून ५० हजार पुरले.