‘आधी तू पाठव!’

बंडलमध्ये एखादा गेम डबल आला की तो द्यायचा कुणाला? कॉलेज रोडच्या कट्ट्यावर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर डिस्कॉर्डवर कुणीतरी भेटतंच. ‘तुझी की दे, मी माझी देतो.’ खरी गोची इथंच. स्टीमची की एकदाच चालते. ज्यानं आधी टाकली, गेम त्याचा. मग ‘चाललीच नाही रे’ म्हणाला तर काय सिद्ध करणार? स्टीमच्या ट्रेड विंडोत इन्व्हेंटरीतल्या वस्तू बदलता येतात, की नाही. त्यामुळे कोडचा स्क्रीनशॉट ‘फक्त बघायला’सुद्धा पाठवू नका. समोरच्याचं प्रोफाइल कालच उघडलेलं असेल तर आधी त्यानं पाठवावं, आणि त्यात लाजायचं काय?

फारच स्वस्त कोडचं दुखणं वेगळं. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्टनं ‘फार क्राय ४’च्या कितीतरी कीज रद्द केल्या, त्या चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या होत्या. ज्यांनी पैसे मोजले, त्यांचा गेम लायब्ररीतून गायब!

की विकताय? पैसे मिळायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर चॅट बंद. पैसे गेलेच, तर घरी कळेल म्हणून गप्प राहू नका. चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा आणि लगेच १९३० फिरवा.